मुझुकाशी म्हणजे अवघड

चारुता सबनीसला जपानी येत होतं आणि तिच्या सगळ्या कटकटींचं मूळ तेच होतं. तिच्या नवऱ्याला, यतीनला, येत नव्हतं, म्हणून तो सुखी होता. चुकीच्या दिवशी कचरा ठेवला म्हणून बिल्डिंगचा मॅनेजर रागावला, की यतीन दोनदा कमरेत वाकून 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हणायचा आणि स्टेशनकडे सटकायचा. मॅनेजरची चिठ्ठी, शाळेच्या सूचना, दाताच्या डॉक्टरचा फॉर्म हे सगळं मागे चारुताच्या पदरात. आठ वर्षांची नेत्रा तर आईने मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर द्यायची आणि वर आईचे उच्चार सुधारायची.

चारुता पुण्याची. बरोबरीच्या मुली कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या तेव्हा ही जपानीच्या क्लासला गेली आणि सहा वर्षं घासून पहिली लेव्हल पास झाली. पहिली म्हणजे सगळ्यात वरची. जपान्यांचं सगळंच उलटं. यतीनच्या मागोमाग ती टोकियोजवळ ग्योतोकुला राहायला आली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत दुभाषी म्हणून चिकटली. टोकियोतलं गिऱ्हाईक आणि पुण्यातली टीम यांच्यामधला पूल, असं तिच्या कामाचं वर्णन होतं. पुलावरून सगळे जातात आणि पुलाला कोणी विचारत नाही, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं.

पूल एकदा कोसळलाही होता. दोन वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये गिऱ्हाईक पुण्याचा प्रस्ताव ऐकून म्हणालं, "केन्तो शिमासु." शब्दकोशाप्रमाणे अर्थ, 'विचार करू.' चारुताने तेच इंग्रजीत पुण्याला कळवलं. पुण्याची पोरं उत्साही. त्यांनी ते 'हो'च धरलं आणि सहा आठवडे राबून काम करून टाकलं. गिऱ्हाइकाने मात्र त्या दिवशी स्वच्छ नकार दिला होता. मग दोन्ही बाजूंनी चारुताला धुतलं. गंमत अशी, की तिने मराठीत 'बघू म्हणाले' एवढंच कळवलं असतं, तर पुण्यात एका क्षणात उमगलं असतं. 'बघू' म्हणजे काय, हे पुण्यात लग्नाच्या मुलीच्या बापापासून भाडेकरूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीत गेलं आणि नासलं.

२००६च्या ऑक्टोबरात कितामुरा-सान तिच्याकडे आले. हे निवृत्त शाळामास्तर. वॉर्डाच्या हॉलमध्ये परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवायचे, नवी असताना चारुताही तिथे जायची, आणि उरलेल्या वेळात जुन्या चित्रपटांचं एक मंडळ चालवायचे. अमेरिकेतली म्हातारी दिग्दर्शिका हॅरिएट वॉरेल येणार होती, तिच्या चित्रपटांचा तीन दिवसांचा महोत्सव होता, आणि नेहमीची दुभाषी ऐन वेळी आजारी पडली होती. "सबनीस-सान, तुम्हीच," ते म्हणाले. नीट पार पडलं तर वसंतातल्या मोठ्या महोत्सवाचं कामही तुम्हालाच, असंही म्हणाले. पाच वर्षं 'लॉगिन स्क्रीनवरील बटणाचा रंग' या विषयावर दुभाषेपणा केलेल्या बाईला दुसरं काय हवं होतं? तिने सुट्टी टाकली.

आठवडाभर तिने हॅरिएटबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि वाचता वाचता ती त्या बाईच्या प्रेमातच पडली. एकोणिसाव्या वर्षी हॅरिएट एका स्टुडिओत टायपिस्ट म्हणून लागली. मग संवाद उतरवणं, मग फिल्म कापणं-जोडणं. दिग्दर्शन करायचंय म्हणून ती आठ वर्षं साहेबांच्या दारात उभी राहिली आणि आठ वर्षं एकच उत्तर मिळालं, 'अवघड आहे.' एकोणपन्नास साली एका चित्रपटाचा दिग्दर्शक चौथ्या दिवशी आडवा झाला, तेव्हा तिने तो पुरा केला. पडद्यावर नाव त्याचंच लागलं. पुढच्याला तिचं लागलं, पण 'एच. वॉरेल' एवढंच, म्हणजे लोकांना बुवा वाटावा. स्टुडिओने काम देणं बंद केलं तेव्हा ती टीव्हीत गेली, टीव्हीने बंद केलं तेव्हा चार माणसं घेऊन स्वतःच निघाली. तेवीस चित्रपट. शेवटचा बहात्तराव्या वर्षी.

त्यातला एक इथलाच होता. सत्तावन्न साली, इथे समुद्रात भराव घालण्याआधी, ग्योतोकुच्या किनाऱ्यावर कोळी राहायचे, समुद्रशेवाळ वाळवायचे. हॅरिएटने सहा माणसांनिशी येऊन त्यांच्यातल्याच एका कुटुंबाला घेऊन चित्रपट केला. शेवटी नदीच्या बांधावर सहा वर्षांची मुलगी उभी असते, होडीची वाट बघत. तिचा चेहरा, चाळीस सेकंद. आधी काही कळत नाही, मग ओठ थरथरतो, मग डोळे भरतात. ते चाळीस सेकंद जगभर चित्रपटाच्या शाळांत शिकवतात. मंडळाच्या पुस्तिकेत चारुताने त्या मुलीबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जन्मजात अभिनेत्री.' हॅरिएटच सगळ्या मुलाखतींत तसं म्हणायची.

ती मुलगी आता पंचावन्न वर्षांची होती. इशिइ टोकिको. ग्योतोकु स्टेशनमागे तिचं कालवं सोयासॉसमध्ये आटवून विकायचं दुकान होतं. कितामुरा-सानांनी तिला शोधून काढलं, भेट ठरवली आणि कॅमेऱ्यात नवा रोल भरला.

दुपारच्या गाडीने तिघं निघाले. गाडी रिकामी होती. कितामुरा-सान पलीकडे बसले आणि सत्त्याऐंशी वर्षांची हॅरिएट चारुताशेजारी, काठी गुडघ्यांत धरून. म्हातारी काटक होती, आवाज घोगरा, आणि समोरच्या माणसाकडे ती इतकं टक लावून बघायची की माणसाला आपलं बटण उघडं राहिलंय की काय असं वाटावं.

"तुला एक गंमत सांगते," ती म्हणाली. "ती मुलगी काही केल्या रडेना. दोन दिवस गेले. सूर्य बुडायला आला, फिल्म संपत आली. मग मी तिच्या आईला विचारलं, की मी तिला सांगू का, तुझ्या वडिलांची होडी बुडाली म्हणून? पाच मिनिटांसाठी. आमचा दुभाषी म्हणाला, आई म्हणते जरा अवघड आहे. म्हटलं, अवघडाचं काय, मी करते. आणि केलं."

चारुता तिच्याकडे वळून बसली. "त्या नक्की कोणता शब्द म्हणाल्या, आठवतं?"

"मुझुकाशी. रोज ऐकायचे ना मी तो. बोटीवर कॅमेरा ठेवायचाय? मुझुकाशी. भरतीच्या वेळी? मुझुकाशी. तोंडपाठ झाला होता."

इथे चारुताने गप्प बसायला हवं होतं. तिला तसं सांगणारी कोणी शहाणी बाई शेजारी असती तर म्हणाली असती, अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण सहा आठवड्यांच्या कामाचा तो मार अजून तिच्या अंगावर ताजा होता.

"मुझुकाशी म्हणजे अवघड, हे खरंय," ती म्हणाली. "पण इथे ते असं कुणी म्हणालं, की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. तोंडावर नाही म्हणत नाहीत म्हणून तसं म्हणतात. त्यांनी परवानगी दिली नव्हती, मिस वॉरेल. त्यांनी तुम्हाला नको म्हटलं होतं."

गाडी बोगद्यातून वर आली आणि नदीवरच्या पुलावर चढली. डब्यात एकदम ऊन आलं. हॅरिएट पलीकडचा किनारा येईपर्यंत खालचं पाणी बघत होती.

"मी एकोणीस वर्षांची असल्यापासून 'अवघड आहे' ऐकतेय," ती शेवटी म्हणाली. "ते जर मी 'नाही' म्हणून ऐकलं असतं, तर अजून टाइप करत बसले असते."

चारुताला हे उत्तर खोटं वाटलं नाही आणि पुरेसंही वाटलं नाही. निशी-कसाई हे भारतीयांच्या वस्तीचं स्टेशन आलं, दोन मराठी बायका पिशव्या सांभाळत चढल्या आणि भोपळी मिरचीच्या भावावर बोलत उभ्या राहिल्या. हॅरिएट त्यांच्याकडे टक लावून बघत होती, पण ती त्यांना बघत नव्हती.

टोकिको दुकानाच्या दारात पांढरा एप्रन लावून उभी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची. तिने वाकून नमस्कार केला, आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला, तीन बशांत कालवं वाढली. चारुता शाकाहारी, तिने बशी डोळ्यांनीच चाखली. कितामुरा-सान फोटोसाठी कोपरा शोधू लागले.

हॅरिएटने चहाला हात लावला नाही. "तिला सांग," ती म्हणाली, "तुझ्या आईने नको म्हटलं होतं हे मला आज कळलं. मी त्याला हो समजले. मला क्षमा कर."

चारुताने सांगितलं. टोकिकोने ऐकलं, मान तुकवली आणि हसून म्हणाली, "आता जुनी गोष्ट झाली ती. इतक्या लांब आलात, धन्यवाद."

"काय म्हणाली?" हॅरिएटने विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती वेळ होती. शब्द साधे होते. तसेच्या तसे सांगितले, तर म्हातारीला वाटणार, सुटले. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं. फोटो निघणार, सगळे हसतमुखाने घरी जाणार. पण ते हसू चारुता रोज ऑफिसात बघत होती. त्या हसण्याचा अर्थ होता, दार बंद आहे, कृपा करून वाजवू नका.

कितामुरा-सानांना तिचा चेहरा दिसला असावा. "सबनीस-सान," ते हळूच म्हणाले, "तेवढं जरा सांभाळून."

"त्या म्हणाल्या, आता जुनी गोष्ट झाली," चारुताने इंग्रजीत सांगितलं. मग एक श्वास घेऊन म्हणाली, "पण ही क्षमा नाही. हा विषय काढू नका, असं त्या सांगतायत."

टोकिको दोघींकडे बघत होती. "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" तिने चारुताला विचारलं.

आता मागे फिरायला जागा नव्हती. चारुताने तेही सांगितलं. बाहेर कढईत सॉस आटत होता. टोकिकोचं हसू विरलं आणि त्याखालून एक थकलेला, प्रामाणिक चेहरा वर आला.

"त्या दिवशी बाबा दोन तासांनी परत आले," ती म्हणाली. "सगळे हसले. मला खाऊ दिला. पण त्यानंतर बाबा होडी घेऊन गेले, की मी संध्याकाळी बांधावर जाऊन उभी राहायची. रोज. पावसात, तापात. भराव पडला आणि बाबांनी होडी विकली तोपर्यंत, अकरा वर्षं. आई मरेपर्यंत म्हणत होती, मी नको म्हटलं होतं गं. मला वाटायचं, आई स्वतःला सोडवायला तसं म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही." तिने एप्रनला हात पुसले, कोरडे असूनही. "मी तो चित्रपट कधी बघितला नाही. पण गिऱ्हाइकं येतात, म्हणतात, तुम्ही जन्मजात अभिनेत्री. परवा तर मंडळाच्या पुस्तिकेतही तसंच छापून आलं."

चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुभाष्याला मधेच मान खाली घालता येत नाही. ती सांगत राहिली.

"मला क्षमाबिमा काही मागून नकोय," टोकिको म्हणाली. "उद्या चित्रपट दाखवण्याआधी सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच सांगावं, की तो अभिनय नव्हता. आणि आईने नको म्हटलं होतं."

हॅरिएटने हे ऐकलं आणि बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. त्या चाळीस सेकंदांवर तिचं अर्धं नाव उभं होतं. "मला विचार करू दे," ती म्हणाली.

आता हे जपानीत जसंच्या तसं गेलं असतं, तर तो सभ्य नकार झाला असता. चारुताने शब्द शब्द तोलून सांगितलं, "त्या खरोखरच विचार करणार आहेत. हे 'नाही' नव्हे. उत्तर उद्या मिळेल." टोकिकोने मान हलवली. फोटो राहूनच गेला.

संध्याकाळी जेवताना यतीनने सगळं ऐकून घेतलं. "तू दुभाषी आहेस की न्यायाधीश?" त्याने विचारलं. "दोन म्हाताऱ्या बायकांचं नीट मिटत होतं."

"मिटत नव्हतं. झाकलं जात होतं."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. वसंतातलं काम गेलं समज."

इतक्यात कितामुरा-सानांचा फोन आलाच. अतिशय अदबीने, दहा वेळा दिलगिरी व्यक्त करून ते म्हणाले, की उद्या चित्रपटाच्या शाळांतले लोक येणार आहेत. वॉरेल-सान वयस्कर आहेत, भावनेच्या भरात काही बोलल्या, तर जपानीत कर्ता गाळून बोलायची छान सोय आहे. 'असं घडलं', 'असं सांगितलं गेलं.' खोटं काहीच नाही. त्यात कुणाला लागणारही नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. चित्रपटावर जीव असलेला माणूस, तो जपत होता. चारुता प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" म्हणत राहिली. जपानीत 'हाय' म्हणजे हो, आणि 'हाय' म्हणजे नुसतंच 'ऐकलं', हे त्यांनीच तिला वर्गात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोकियोत कुदानशिताजवळच्या, महोत्सवाच्या छोट्या सभागृहात शंभरेक लोक होते. टोकिको कडेच्या खुर्चीवर, करड्या किमोनोत. चित्रपटाआधी हॅरिएटने दोन शब्द बोलायचे होते. ती काठी टेकत मंचावर गेली, चारुता तिच्या मागे अर्धं पाऊल. हॅरिएट काय बोलणार, हे तिने चारुतालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही आज एका मुलीला रडताना बघाल," हॅरिएट म्हणाली. "पन्नास वर्षं मी सांगत आले, की ती जन्मजात अभिनेत्री होती. ती अभिनेत्री नव्हती. ती सहा वर्षांची होती. मी तिला खोटं सांगितलं, की तिचे वडील बुडाले. तिच्या आईने मला नको म्हटलं होतं. आणि मी कॅमेरा सुरू केला."

पहिल्या रांगेतून कितामुरा-सान चारुताकडे बघत होते. हात मांडीवर, तळवा हलकेच खाली दाबत. सांभाळून.

दुभाष्याने बोलणाऱ्याचा 'मी' आपल्या तोंडात घ्यायचा असतो. हा धंद्याचा पहिला नियम. हजार मीटिंगांत चारुताने तो घेतला होता, आणि तो कधी तिला जड गेला नव्हता. आज गेला. तिने माइक धरला आणि कर्ता न गाळता सांगितलं. मी खोटं सांगितलं. मी कॅमेरा सुरू केला. आपणही कालपर्यंत त्या मुलीबद्दल खोटं छापलं होतं, हे आठवून तिने तिसऱ्यांदा 'मी' म्हटलं, तेव्हा तो थोडा तिचा स्वतःचाही होता.

"ते चाळीस सेकंद चांगले आहेत," हॅरिएट पुढे म्हणाली. "वाईट असते, तर मी केव्हाच माफी मागून मोकळी झाले असते. मुलीचं नाव इशिइ टोकिको. ते पडद्यावर कधी आलं नाही, म्हणून मी ते इथे सांगते." कुठे टाळ्या वाजवायच्या हे कुणाला कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत. दोघी खाली उतरल्या.

कडेच्या रांगेत चारुताच्या एका हाताला टोकिको आणि दुसऱ्या हाताला हॅरिएट. दिवे गेले. ऐंशी मिनिटं टोकिको हलली नाही. एकदा तिचे वडील पडद्यावर जाळं झटकताना दिसले, तेव्हा तिचा श्वास अडकल्याचं चारुताला ऐकू आलं. आई दिसली तेव्हा तिने मान किंचित वाकवली, समोर कुणी जिवंत माणूस आल्यासारखी. मग बांध आला. मग तो चेहरा.

चारुताने ते चाळीस सेकंद घरी डीव्हीडीवर वीसदा बघितले होते. आज तिला पडद्याकडे बघवेना. ती टोकिकोकडे बघत होती. पडद्यावरचा ओठ थरथरला. टोकिकोचा हात आपसूक वर आला, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला. ती अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं काहीतरी म्हणाली.

हॅरिएट चारुताच्या कानाशी वाकली. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या," चारुताने सांगितलं, "किती लहान होते मी."

पडद्यावरच्या उजेडात म्हातारीचा चेहरा ओला दिसत होता. तिने डोळे पुसले नाहीत आणि पडद्यावरून नजरही हलवली नाही.

"हो," ती म्हणाली. "कॅमेऱ्यातून मला तेव्हाही तेवढीच दिसत होती."

हे सांगायलाच हवं, असं कुणी म्हटलं नव्हतं. हॅरिएटने 'तिला सांग' म्हटलं नव्हतं. चारुता टोकिकोकडे वळली आणि तिने ते वाक्य जपानीत सांगितलं, त्यातल्या 'मला'सकट. टोकिकोने ऐकलं. पडद्यावर ती मुलगी होती तोवर टोकिको तिच्याकडेच बघत राहिली.